वातीला लावलेला कान

चौथ्या मजल्यावरून खाली येताना, तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये कुठेतरी, करुणाला तिच्या भावाची बायको दिसली. सोसायटीने लिफ्टमध्ये जाहिरातींचा पडदा लावून आठवडा झाला होता. दातांचा दवाखाना, डॉक्टरकीचे क्लासेस, दोन बेडरूमचे फ्लॅट अशी माळ त्यावर दिवसभर फिरत असे आणि करुणा तिच्याकडे पाठ करून उभी राहत असे. आज ओळखीचा आवाज कानावर पडला म्हणून ती वळली. पडद्यावर रक्षा होती. अंगावर मोतिया रंगाची कोसा रेशमाची साडी, एका बाजूला पेटलेली भट्टी, चिमटीत धरलेली काळपट वात. तिने वात जाळाशी नेली, मान तिरकी केली, डोळे मिटले आणि म्हणाली, "बाबा म्हणायचे, कान दे. पाणी असेल तर बोलेल." एवढ्यात तळमजला आला, दार उघडलं आणि पुढचं दुसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंच्या भाजीच्या पिशव्यांत आणि त्यांच्या आवाजात बुडालं. पुढचं ऐकण्याची करुणाला गरज नव्हती. ते वाक्य तिचं होतं. "उतरता ना, करुणाताई?" विमलाबाईंनी विचारलं. "काही विसरले वर," असं म्हणून करुणा त्यांच्यासोबत पुन्हा वर गेली. त्या दुसऱ्या मजल्यावर उतरल्या आणि करुणा चौथ्यापर्यंत गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. दवाखाना, क्लासेस, फ्लॅट, मग रक्षा. तिसऱ्या फेरीत तिने जाहिरात पूर्ण पाहिली. शेवटी हिरवी बाटली येते, तिच्यावर 'वैनाई केशतेल' अशी अक्षरं उमटतात आणि खाली बारीक टाइपात करुणाच्या बापाचं नाव. कैलासवासी कृष्णराव, संस्थापक. पाचव्या फेरीला विमलाबाई दुसऱ्या मजल्यावर दारातच उभ्या होत्या. "काय विसरलं होतं हो एवढं?" "चष्मा." विमलाबाईंनी तिच्या डोळ्यांवरच्या चष्म्याकडे पाहिलं.

त्या दिवशी ती कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर गेली नाही. नागपुरातल्या गणेशपेठेच्या स्टँडवर जाऊन भंडाऱ्याच्या एसटीत बसली. बापाला जाऊन चार महिने झाले होते आणि या चार महिन्यांत ती एकदाही गावाकडे, अड्याळला गेली नव्हती. खिडकीशी बसून ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तुला कोणी सांगितलं ते? माझ्या लहानपणातलं तू कशाला उचललंस? वाक्यं जुळत आणि लगेच स्वस्त वाटत. ती पन्नाशीची बाई होती, सत्तावीस वर्षं पुस्तकांत राहिलेली. मत्सरावर तिने पुष्कळ वाचलं होतं. पुस्तकांतला मत्सर नवराबायकोचा असतो, प्रियकराचा असतो, फार तर दोन भावांचा. भावाच्या बारावी पास बायकोचा, मेलेल्या बापाच्या एका वाक्यावरून वाटणारा मत्सर तिला कुठल्याच पानावर भेटला नव्हता. त्यामुळे त्याच्याशी कसं वागायचं हे तिला ठाऊक नव्हतं. तो छातीत नव्हता. जबड्यात होता. वाटेत मौद्याच्या आसपास तिच्या लक्षात आलं, की आपण मघापासून दातांवर दात दाबून बसलो आहोत.

ते वाक्य तिला मिळालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाप तेव्हा माग सोडून नुकताच तेलात शिरला होता. घरात सगळे विणकर. बापाच्या बापाने कोशाच्या साड्या विणल्या, आणि बापाने लग्नाआधी चार वर्षं नागपुरात पॉवरलूमवर काढून मग अड्याळला येऊन घरचा माग धरला होता. आईचं डोकं सतत दुखायचं, तिच्यासाठी म्हणून बापाने कुणा वैदूकडून तेल काढायला शिकून घेतलं. सूत रंगवायची मोठी कढई घासून घासून तेलाची केली. शेजारच्या आसगावच्या बाया धानाच्या बांध्यांवरून माका उपटून आणत, कुणी जंगलातून आवळे आणत. माक्याचा रस, आवळ्याचा लगदा आणि तिळाचं तेल अशी ती कढई अंगणात सकाळपासून उकळत राही. पाणी पूर्ण उडालं की तेल तयार. थोडं जरी राहिलं तर महिनाभरात बाटलीत बुरशी. ते ओळखायची एकच रीत होती. तळाचा लगदा काढायचा, बोटांत वळून त्याची वात करायची आणि जाळावर धरायची. बापाने तिला मांडीला टेकवून बसवलं, वात जाळाशी नेली आणि म्हणाला, "कान दे. पाणी असन तं बोलन. तेल बोलत नसते." वात तडतडली. "काय म्हणते?" बापाने विचारलं. "बोलते." बापाने एक लाकूड आत सरकवलं. पुन्हा वात, पुन्हा "काय म्हणते?" असं सात-आठ वेळा झाल्यावर वात नुसती जळाली, गुपचूप. "मुकी झाली," ती म्हणाली. बापाने शाबासकी दिली नाही. उठून कढई उतरवली. तिच्या एका शब्दावर एवढी मोठी कढई चुलीवरून खाली आली, याहून मोठी शाबासकी तिला पुढच्या आयुष्यात कुणी दिली नाही. तीन वर्षं हे चाललं. शाळेतून आल्यावर दप्तर ओट्यावर आणि ती भट्टीपाशी. मग बारा वर्षांची झाली तेव्हा तिला भंडाऱ्याच्या वसतिगृहात टाकलं, कारण ती हुशार होती. हुशार असल्याची शिक्षा, असं तिला तेव्हा वाटलं होतं आणि आता भंडाऱ्याच्या स्टँडवर पवनीची बस शोधताना पुन्हा वाटलं.

तिच्यामागे तेल वाढत गेलं, धाकटं भावंड वाढावं तसं. ती सुटीत येई तेव्हा त्याने काही तरी नवीन शिकलेलं असे. आधी ते खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्यांतून अड्याळच्या बाजारात बसलं. मग एसटीच्या ड्रायव्हरांच्या पायाशी बसून नागपूरला गेलं. ती बी.ए.ला असताना त्याला स्वतःची बाटली आणि नाव मिळालं, नोकरीला लागली तेव्हा पहेल्याच्या रस्त्यावर टिनाचं शेड. आईच्या मरणानंतर दंतमंजन आलं, उटणं आलं, धाकटा भाऊ अंकुश व्यवस्थापन शिकून परत आला. मग रायपूरपर्यंत माल, रंगीत कॅलेंडरं, दोनशे माणसं, पांढऱ्या कोटातल्या पोरी. दर वेळी बाप तिला शेडमधून फिरवून दाखवी आणि दर वेळी ती चांगलं म्हणे. तेलावर ती तेव्हाच जळायला लागली होती, पण तेलावर जळणारी बाई म्हणजे काहीच नाही, म्हणून तिने त्याला नाव दिलं नव्हतं. नाव मिळालं ते रक्षा आल्यावर. आधी ती पॅकिंगला बसली, सासू नाही म्हणून घरही तिनेच धरलं, आणि हळूहळू बापाच्या बाजूला भट्टीवर दिसू लागली. गेली सहा-सात वर्षं तर करुणाचा फोन बाप जेमतेम अर्धा मिनिट घेत असे. "हो हो. बरं बरं. हे घे, रक्षाशी बोल." ती काही महत्त्वाचं सांगत असली तरी तेच. एकदा तिने मुद्दाम म्हटलं, "बाबा, माझी गाठ तपासायला दिली आहे." "हो हो, बरं बरं," बाप म्हणाला. गाठ साधी निघाली. पण तो 'बरं बरं' तिच्या अंगात राहिला. आणि जुलैमध्ये, बाप गेल्याच्या तिसऱ्या दिवशी, अंगणात बाया जमल्या तेव्हा रक्षा असा हंबरडा फोडून रडली की सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. करुणा खांबाशी कोरडी उभी होती. आसगावहून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला विचारलं, "यातली पोरगी कोणती वं?" शेजारणीने रक्षाकडे बोट केलं. मग चूक सुधारली, पण बोट आधी तिकडे गेलं होतं.

बस कारध्याच्या पुलावरून गेली. खाली वैनगंगा रुंद, सपाट, आपल्याच नादात. दोन्ही अंगाला धान पिवळं पडायला लागलं होतं. फॅक्टरीच्या फाटकावर नवा चौकीदार होता, त्याने तिला नाव विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. अंकुश कॅबिनमधून धावत बाहेर आला. "ताई, फोन करतीस तं गाडी पाठवली असती ना मी. एसटीनं कायले आली?" तो बापासारखाच दिसायला लागला होता, फक्त घाईत. तिने खुर्चीवर बसण्याआधीच सांगितलं, की जाहिरातीतलं ते वाक्य काढून टाक. "कोणतं वाक्य?" "कान दे वालं." अंकुशने क्षणभर आठवून पाहिलं. "ते? काढू. एका फोनचं काम आहे. दिवाळीच्या आधी टीव्हीवर जाणार आहे, त्याच्या आत कापून टाकतीन ते." तिने रस्ताभर जमवलेली सगळी वाक्यं निरुपयोगी झाली. ज्याच्यासाठी ती ऐंशी-नव्वद किलोमीटर दात दाबून आली, ते त्याच्या लेखी एवढंही नव्हतं की त्याने काहून म्हणून विचारावं. "फक्त रक्षाले सांगून दे तू," तो फोन उचलता उचलता म्हणाला, "तिचा लय जीव आहे त्याच्यात. भट्टीवरच आहे ते."

जुनी भट्टी शेडच्या मागे होती. पुढे स्टीलच्या मोठ्या टाक्या आल्या, पाणी किती राहिलं ते दाखवणारं यंत्र आलं, तरी बापाने मागची भट्टी मोडू दिली नव्हती. यंत्राने होकार दिला तरी टाकीतला लगदा मागे आणायचा, वात करायची आणि ती मुकी असली तरच तेल बाटलीत, असा त्याचा नियम. रक्षा लाकडी पाटावर बसली होती, साध्या सुती साडीत, कपाळाला काजळी लागलेली. करुणाला पाहून उठायला गेली तर तिचा पाय वळला. "माय वं! ताई, तुम्ही? अचानक?" तिने पदराने दुसरा पाट पुसला. करुणा बसली. जाळाची धग तोंडावर आली आणि त्याबरोबर तो वास आला, माक्याचा, हिरवा, किंचित जळका. तिने तोंड फिरवलं. "जाहिरात पाहिली," ती म्हणाली. रक्षाचा चेहरा उजळला आणि लगेच शरमला. "कशी वाटली? मले तं लाजच वाटून राहिली होती. त्या मुंबईवाल्या पोट्ट्यानं अकरा वेळा वात धरायला लावली." "बाबा का म्हणालीस? तू तर त्यांना मामाजी म्हणायचीस." "मी मामाजीच म्हटलं होतं! पहिल्या सहा वेळा मामाजीच. तं तो म्हणे, मॅडम, पुण्यामुंबईकडले लोक सासरा नाही, आईचा भाऊ समजतीन. बाबा म्हणा. मले बी बरं नाही वाटलं, ताई. पण म्हटलं, मेल्या माणसाचं नाव जाऊन राहिलं दूरवर, जाऊ दे."

करुणाने विचारलं, "आणि ते वाक्य? तेही त्यानेच दिलं?" स्वतःचा आवाज तिला वाचनकक्षात शांतता राखा म्हणून सांगतानाचा वाटला. "नाही जी! ते तं मामाजीचं. त्यायनं मले सांगतलं." "केव्हा?" रक्षाने शेडच्या दिशेने पाहिलं, कुणी येत नाही ना याची खात्री करावी तसं, आणि लाकूड उगाच हलवलं. "आता सांगाले हरकत नाही," ती म्हणाली. "मामाजीले ऐकू येत नव्हतं, ताई." "कोणाले?" करुणाच्या तोंडून निघालं. हा 'ले' तिने नागपुरात पहिल्या वर्षीच जिभेवरून खरवडून काढला होता. "मामाजीले. सहा वर्षं झाले. उजवा कान तं पूर्णच गेल्ता. डाव्यानं जरा जरा, तोंडाजवळ जाऊन बोललं तं. ते गोंदियाकडून माल वापस आल्ता ना, बुरशीचा? सगळे म्हणत, नवीन झाकणं खराब आहेत. मी इथं बसून लगदा वळून देत होती त्यायले. पाहतो तं काय, मामाजी वात धरते अन् वातीकडे पाहतच नाही. माझ्या तोंडाकडे पाहते. वात तडतडली का माझ्या कपाळाले आठी पडे, अन् ते लाकूड सरकवत. त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, माझ्या पोट्ट्याच्या तापात जीव होता, आठी पडली नसन, तं त्यायनं कढई उतरवली. तोच तो माल." ती थांबली. "मंग एक दिवस मी म्हटलं, मामाजी, मी ऐकतो, तुमी फक्त धरा. त्यायनं वात खाली ठेवली. मंग बसवलं मले बाजूले अन् सांगतलं, कान दे. पाणी असन तं बोलन. तेल बोलत नसते."

करुणा जाळाकडे पाहत राहिली. हो हो, बरं बरं. म्हणजे तिने सांगितलेली गाठ त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती. आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याच्या आधी दुसरंच काही तरी येऊन बसलं. "मले काहून नाही सांगतलं?" तिने विचारलं. रक्षाने पुन्हा शेडकडे पाहिलं. "सांग ना वं." "त्यायनंच म्हटलं होतं. अंकुशले बी माहीत नव्हतं पहिले दोन वर्षं. पण तुमचं तं नाव घेऊन म्हटलं. कोणाले सांगशीन तं सांग, करुणेले नको सांगू." "काहून?" "म्हणे, तिले वाटते बापाले सगळं ऐकू येते. वाटू दे." हे बोलताना रक्षाने बापाची मान हलवायची लकब जशीच्या तशी केली, नकळत, आणि करुणाला ती लकब तिच्या खांद्यावरून ओरबाडून घ्यावीशी वाटली. बापाने आपल्यासाठी ठेवलेली एवढी एक गोष्ट, तीही हिच्या हातून मिळावी. हिच्याच ताटातून उचलून दिल्यासारखी. सहा वर्षं दोघं इथे या पाटांवर बसून तिच्यापासून काही तरी लपवत होती, आणि लपवणं म्हणजे किती जवळ बसणं असतं हे तिला माहीत होतं. तिला ठकवणाऱ्यांत बाप होता याचं दुःख नव्हतं. ठकवण्यात तो एकटा नव्हता, याचं होतं.

रक्षाने लगदा घेतला, वळला, वात जाळावर धरली. ती बारीक तडतडली. रक्षाने लाकूड आत सरकवलं. त्या तडतडीत करुणाला एकदम पॉवरलूमचं शेड दिसलं, जे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिच्या जन्माआधीची चार वर्षं. टिनाखाली कान फोडणारी पन्नास यंत्रं, आणि त्यांच्यामध्ये विशीतला बाप. आई नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसून बोलायची. उजवीकडे बसली असली तर उठून जागा बदलायची, आणि पोरं हसायची. भट्टीवर तो करुणाला डाव्या नव्हे, उजव्या मांडीशी, न ऐकणाऱ्या कानाच्या बाजूला बसवायचा, तिचा कान जाळाकडे. "काय म्हणते?" असं विचारताना त्याच्या तोंडावर परीक्षा घेणाऱ्याचं हसू कधी नव्हतं. तो खरंच विचारत होता. वसतिगृहात गेल्यावर आईचं पहिलं पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं, तू गेल्यापासून दोन कढया बिघडल्या, तुझे बाबा चिडचिड करतात. तिने ते आईचं लाड करणं समजून मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं. म्हणजे बाप तिला शिकवत नव्हता. ती त्याचा कान होती. नऊ वर्षांची, दप्तर ओट्यावर टाकून आलेली, आणि तिच्याशिवाय त्याला कढई उतरवता येत नव्हती. मग त्याने तिला भंडाऱ्याला पाठवलं, ती हुशार होती म्हणून, आणि दोन कढया बिघडू दिल्या. त्यानंतर तो कुणाच्या चेहऱ्याकडे पाहत होता? आईच्या असेल.  चार महिन्यांत पहिल्यांदा डोळ्यांत काही तरी चुरचुरलं आणि तिने ते धुरावर ढकललं.

"ताई," रक्षा म्हणाली. तिने हात पदराला पुसले, आणि मग काजळी लागलेल्या पदराकडेच पाहत विचारलं, "एक विचारू? राग नका मानू. तुमाले बी त्यायनं असंच सांगतलं होतं का? लहानपणी? तुमी इथंच खेळत होत्या म्हणे." तिने विचारलं सहज, पण हात पदरावरच थांबले होते. करुणाने तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिच्या ओळखीचा होता, आतल्या बाजूने. ही बाईही जबडा आवळून बसली होती. अंगणात हंबरडा फोडणारी, बापाची मान हलवणारी, त्याच्या कानांच्या जागी आठ्या पाडणारी ही बाईसुद्धा एवढंच मागत होती, की तिच्याआधी कुणी नसावं. हो म्हटलं असतं तर एका क्षणात ती पाटावरून खाली आली असती. नऊ वर्षांची, तुझ्या कितीतरी आधी, आणि तीन वर्षं. वाक्य तयार होतं. जिभेवर त्याची चवही आली.

"नाही," करुणा म्हणाली.

"कधीच नाही?"

"मले भट्टीजवळ येऊच देत नव्हते. धूर लागते म्हणे. मी तिकडे ओट्यावर पुस्तक घेऊन बसो."

रक्षाचे हात पदरावरून सुटले. तिचे डोळे भरले. "मंग मीच वं," ती पुटपुटली, आणि मग वर पाहून, अगदी मनापासून, "तुमाले काहीच नाही सांगतलं, ताई?" तिच्या आवाजात कीव होती. करुणाने ती येऊ दिली. वासरासारखी अंगाला घासू दिली. आपण उदार वगैरे झालो नाही, हे तिला स्वच्छ कळत होतं. सांगितलं असतं तर ते दोघींचं झालं असतं. हिने ते उद्या अंकुशला सांगितलं असतं, परवा त्या मुंबईवाल्या पोट्ट्याला, आणि मग लिफ्टमध्ये दोन बाया वात धरून उभ्या राहिल्या असत्या, एक लेक, एक सून. न सांगितलेलं सगळंच्या सगळं तिचं राहत होतं, धुरासकट, डाव्या-उजव्यासकट. "अभ्यास कर म्हणत," ती पुढे म्हणाली, आणि खोटं किती गुळगुळीत वळतं याचं तिला आश्चर्य वाटलं. "तेवढंच."

अंकुश शेडच्या कोपऱ्यावरून आला, फोन हातात. "ताई, बोललो मी त्यायच्यासंग. कापून टाकतीन आजच." रक्षाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "काय कापते?" करुणाने हात वर केला. "काही नाही. राहू दे ते वाक्य, अंकुश. चांगलं आहे. फक्त ते बाबा काढ. मामाजी म्हणू दे तिला." "पण पुण्याकडचे..." "समजू दे त्यांना काय समजायचं ते." अंकुशने रक्षाकडे पाहिलं. "मामाजीच बरं आहे," रक्षा घाईने म्हणाली, आपल्याला केवढं मोठं देणं मिळालं अशा खुशीत, "मी तं पहिलेच म्हटलं होतं."

वात मुकी झाल्यावर तिघं आत जेवायला गेली. रक्षाने स्वतः ताट वाढलं, घरच्या धानाचा भात, पोपटाच्या शेंगांच्या दाण्यांची भाजी, वरून तूप. समोर बसून ती एकेक घास पाहत होती, आजाऱ्याला जेवू घालावं तसं, आणि मामाजीच्या गोष्टी सांगत होती. काय म्हणाले, कसे रुसले, भात कसा कालवत. ज्या लेकीला बापाने काही दिलं नाही तिला थोडं थोडं वाटून देत होती. करुणा ऐकत होती, मान हलवत होती आणि जेवत होती. भूक कुठून आली कळत नव्हतं. ताट रिकामं झालं. "आणखी वाढू, ताई?" रक्षाने हळूच विचारलं. "बिचाऱ्या. एसटीनं आल्या, सकाळपासून काही नसन खाल्लं."

करुणाने ताट पुढे केलं. "वाढ," ती म्हणाली, आणि रक्षाचा हात थांबतो आहे असं पाहून, "आणखी."